परतीची वायर

टार्टूच्या कार्लोवा भागात घरं लाकडाची,
जिन्याच्या पायऱ्या तुमचं वजन शेजाऱ्यांना सांगतात.
दुसऱ्या मजल्यावर साल्मे आणि वाइके,
सख्ख्या बहिणी, सव्वा वर्षाचं अंतर,
आणि दारात बूट काढून उभा मी, दुकानातून आलेला,
काखेत एक लांबट खोका.
साउंडबार.
पैसे नातवाने भरलेत, नॉर्वेहून.

साल्मेला दिसत नाही. म्हणजे कडेकडेचं दिसतं,
मधोमध एक राखाडी डाग, तो हलत नाही.
"तू म्हणजे दोन कान आणि एक स्वेटर," ती मला म्हणाली.
वाइकेला ऐकू येत नाही.
आमच्या भाषेत या नावात शांतता आहे,
आणि घरात सगळ्यात मोठ्याने तीच बोलते.

टीव्हीमागे हात घातला.
धूळ, जिगसॉचा एक निळा तुकडा
("आकाश सापडलं!" वाइके ओरडली),
आणि एकमेकींच्या गळ्यात पडलेल्या तीन वायरी:
सेटटॉप बॉक्सची, डीव्हीडी प्लेअरची,
नातवाच्या गेमच्या डब्याची,
जो कुणी लावत नाही आणि काढूही देत नाही.

सगळं आधी बारला जोडून चित्र पुढे पाठवायचं,
की सगळं टीव्हीला, आणि आवाज तेवढा बारला?
बारच्या पाठीला आत यायची जागा एकच.
पाहुणे तीन, खुर्ची एक.
तेव्हा टीव्हीला.
बारची वायर शेवटच्या खाचेत,
जिच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत एआरसी लिहिलंय.
मी समजावलं, एरवी ज्या वाटेने आवाज टीव्हीत शिरतो
त्याच वाटेने इथून तो परत येतो.
"म्हणजे तीच बस," साल्मे म्हणाली, "फक्त पाटी उलटी."

बातम्या लागल्या. मला वाटलं, झालं.
"अजून वरूनच बोलतोय तो, पत्र्यातून,"
साल्मेने मान न वळवता सांगितलं.
खरंच. सेटिंगमध्ये टीव्हीचाच स्पीकर चालू.
मी बदलला,
आणि आवाज खाली उतरला, खोलीभर पसरला,
शेगडीजवळच्या मांजरासारखा.

पण ओठ आधी हलत होते, शब्द मागून.
अगदी थोडं. पापणीएवढं.
मी रिमोटवर एकेक पायरी चढत विचारलं, आता?
"मला ओठ कुठे दिसतात," साल्मे म्हणाली.
वाइकेला प्रश्नच ऐकू गेला नव्हता.
तरी मी जुळवत बसलो, पाच पायऱ्या, मग एक मागे.
कुणासाठी, विचारू नका.

मग त्यांची मालिका लागली, डेन्मार्कची.
माणसं डॅनिश बोलतात, खाली आमच्या भाषेतल्या ओळी.
वाइके खुर्चीच्या टोकाला सरकली
आणि त्या ओळी वाचू लागली,
घाटावरून हाक मारावी तशी.
ओळ पडद्यावर येते पूर्ण, एकदम;
माणूस बोलतो हळूहळू.
त्यामुळे खून कुणी केला ते साल्मेला
खुन्याच्या आधी कळतं.
मध्येच संगीत सुरू झालं
तेव्हा साल्मेने न बघता हात लांबवला
आणि बहिणीच्या गुडघ्यावर बोटांनी ठेका धरला.
"हळू आहे?" वाइकेने विचारलं.
साल्मेने बोटं आणखी हळू केली.

पावतीवर सही वाइकेने केली.
मला जिऱ्याचा पाव मिळाला, कागदात बांधून,
आणि तो निळा तुकडाही,
कारण त्या आकाशाचं बाकीचं चित्र
कधीच कुणाला तरी देऊन टाकलं होतं.

जिना उतरताना पायऱ्या बोलत होत्या, तरी
भिंतीपलीकडून नीट ऐकू आलं:
आधी वाइके,
मग साल्मेचं हसू, खोकल्यात संपणारं,
आणि सगळ्यात शेवटी तो डेन्मार्कचा माणूस,
बिचारा,
स्वतःच्याच विनोदाला उशिरा पोचलेला.